निवृत्तीनंतरचं घर: कोकण, पुणे की मुलाकडे अमेरिका?

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हे बहुतेक जण साठीच्या आगेमागे ठरवतात. तेव्हा गुडघे कुरकुरत असले तरी चालत असतात, गाडी चालवता येते, रात्री-अपरात्री वेळ आली तर दोघांपैकी एक जण दुसऱ्याला घेऊन दवाखाना गाठू शकतो. पण त्या घराची खरी परीक्षा पंचाहत्तरीनंतर होते आणि तोवर अनेकदा दोघांपैकी एकच जण मागे उरलेला असतो. आपल्याकडे बायको सहसा वयाने लहान असते, म्हणून मागे राहणारी बहुधा तीच. त्यामुळे माझा आग्रह असा की जागा आजच्या धडधाकट जोडप्यासाठी निवडू नये. ऐंशीच्या घरातली, गाडी न चालवणारी, एकटी बाई तिथे कशी राहील, हे आधी बघावं. मुंबईत नोकरी संपवणाऱ्या, कोकणात वाडवडिलांचं घर आणि परदेशात मूल असलेल्या कुटुंबाचं उदाहरण पुढे घेतलं आहे. हिशेबाची पद्धत इतरांनाही लागू पडेल.

गावच्या घरापासून सुरुवात करू. मनाची ओढ तिकडेच असते आणि अंदाज सर्वात जास्त तिथेच चुकतो, कारण चाकरमान्याने गाव पाहिलेला असतो तो गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्याच्या सुट्टीत, घर माणसांनी भरलेलं असताना.

आधी रस्ता बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक वाड्यांत गाडी घरापर्यंत जात नाही. सडकेवरून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते आणि घर त्या पाखाडीच्या पोटात असतं. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका वर सडकेवर थांबणार. माणसाला खुर्चीत बसवून वर आणायला चार दणकट माणसं लागतात, आणि पावसाळ्यात कितीतरी वाड्यांमध्ये साठीच्या आतली चार माणसं नसतात. घरापर्यंत गाडीरस्ता काढता येत असेल तर निवृत्तीचा पहिला खर्च तो. रस्ता भावकीतल्या कुणाच्या जमिनीतून जात असेल तर तोंडी होकारावर विसंबू नका. वहिवाटीच्या हक्काचा दस्त नोंदणीकृत करून घ्या. होकार देणारे काका गेले की त्यांची मुलं गडगा घालतात, असं सर्रास घडतं.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांमध्ये मोजा, आणि तेही जुलैच्या पावसात, रात्रीचे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे जवळच्या रुग्णालयात रात्री सीटी स्कॅन चालू असतो का, हा प्रश्न स्वतः जाऊन विचारण्यासारखा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टी जितकी लवकर तितका हृदयाचा स्नायू वाचतो. चिपळूण-संगमेश्वरच्या लोकांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडचे लोक बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. राजापूर-वैभववाडीचे बरेच जण घाट चढून कोल्हापूर गाठतात. इथेच मेख आहे. करूळ, भुईबावडा, आंबा हे घाट दरडी कोसळून पावसाळ्यात बंद पडतात. ज्याचा दवाखाना घाटाच्या वर आहे त्याने चार महिने दुसरा मार्ग कोणता, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाने तर डायलिसिस केंद्रापासून अर्ध्या तासाच्या पलीकडे राहूच नये. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, वर जाणं-येणं. एवढं सोसून घरी परतल्यावर अंगात त्राण राहत नाही.

आता घर. कौलारू घराची शाकारणी दर वर्षी पावसाआधी झालीच पाहिजे. कौलं उतरवून फुटलेली बदलायची, रीपा-वासे कुजलेत का ते पाहायचं, कोन्यांखालची गळती बंद करायची. हे काम जाणणारे हात कमी होत चाललेत, म्हणून मे महिन्यात माणूस शोधणाऱ्याला मिळत नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं. वानरांच्या उड्यांनी कौलं फुटतात ती वेगळीच. या कटकटीमुळे अनेक जण पत्रे घालतात. ते ठीक आहे, पण पत्रा आकड्यांनी आणि नट-बोल्टांनी लोखंडी सांगाड्याला धरलेला हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात पत्रे आणि कौलं दोन्ही उडाली होती. किनाऱ्याजवळ गंजाचाही विचार करावा लागतो. समुद्रकिनाऱ्यापासून ५०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-नियमांखालची, परवानगी लागते का, हे पायाला हात घालण्याआधी तपासा.

वयाच्या दृष्टीने जुन्या घरात सगळ्यात मोठा अडसर जोत्याचा. चाकाच्या खुर्चीला चढ १ : १२ पेक्षा तीव्र चालत नाही. जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर उतार ७ मीटर २० सेंटिमीटर लांब होतो, म्हणजे अंगणाचा एक मोठा भाग त्यालाच जातो. हे काम पाय चालत असतानाच करून घ्यावं. न्हाणीघर आणि संडास घराबाहेर असतील तर ते माजघराला जोडून आत घ्या, दाराची रुंदी ९० सेंटिमीटर ठेवा आणि उंबरठा काढून टाका. कमोडची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असावी. भिंतीतले धरायचे दांडे विटेत किंवा जांभ्यात खोल बसवलेले हवेत. नुसत्या टाइलवर लावलेला दांडा नेमका तोल गेल्यावरच उपटून येतो. अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर आर्द्राच्या पावसानंतर शेवाळ धरतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणं आणि एका बाजूला कठडा, हे दोन्ही करा. खुब्याचं हाड मोडण्याची अशी कितीतरी प्रकरणं टळतील.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. दोन माणसांना रोज सुमारे २७० लिटर लागतं. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. साठ दिवसांची सोय करायची तर १६,२०० लिटर साठा हवा. छपरावर पडणारं पाणी यापेक्षा कितीतरी जास्त असतं: शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पावसात गळती-वाहती धरूनही दोन लाख लिटरहून अधिक. अडचण साठवण्याची असते. त्यामुळे वीस हजार लिटरची झाकलेली टाकी, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारी तोटी आणि साधी वाळूची गाळणी, एवढं घराच्या दुरुस्तीतच करून टाकावं. नंतर त्यासाठी खणायला जमीनही मोकळी नसते आणि उत्साहही नसतो.

वीज वाऱ्या-पावसात तासन्‌तास जाते. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. हाती लागतात साधारण १,२००. दोन पंखे आणि चार दिवे त्यावर पाच-सहा तास चालतात. पण मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो, म्हणजे तीन तासांत संपलं. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या माणसाला एका बॅटरीवर गावी ठेवणं धोक्याचं आहे. वीज पडून उपकरणं जळण्याचं प्रमाणही कोकणात मोठं आहे. घराचं अर्थिंग चांगलं आहे का, ते वायरमनकडून मोजून घ्या.

कागदपत्रांत लोक सर्वात जास्त वर्षं घालवतात. घर आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी हयात नसलेली, असं चित्र नेहमीचं आहे. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून सातबारा आणि आठ-अ हा खात्याचा उतारा काढा, जुने फेरफार काढा, ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा घ्या. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्याच्यावर विसंबून दहा-वीस लाखांची दुरुस्ती करू नका. आधी वारस नोंदी लावून घ्या. मग ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्या, आणि ते नोंदणीकृतच हवं. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदाने हिस्सा सुटत नाही. बहिणींचा हिस्सा गृहीत धरून काही करू नका. आधी विचारा, मग लिहून घ्या. ज्यांच्याकडे शेतजमीनच नाही त्यांना महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे ती परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. ‘नंतर बिनशेती करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला हेच सांगून परत पाठवावं.

इतकं सगळं मांडल्यावर माझं मत लपवण्यात अर्थ नाही. पाखाडीतलं वाडीचं घर उन्हाळ्या-सणांसाठी ठेवावं आणि कायम राहायला तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं गाव निवडावं: रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी. तिथे औषधाचं दुकान, रक्त तपासणी, बँक, रिक्षा हे चालत्या अंतरावर मिळतं, आणि वाडीचं घरही तास-दीड तासात गाठता येतं. चिपळूणही सोयीचं आहे, पण २२ जुलै २०२१ चा पूर कुठवर चढला होता हे त्या इमारतीतल्या लोकांना विचारल्याशिवाय तळमजला घेऊ नका. केंद्र सरकारच्या निवृत्तांनी आणखी एक गोष्ट बघावी. सीजीएचएसचे, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचे, दवाखाने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. त्याबाहेर राहायला गेलात तर बाह्यरुग्ण उपचारांसाठी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो, आणि तो पुरत नाही.

खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतली ‘झोन’ची अट वाचा. लहान गावचा पत्ता देऊन कमी हप्ता भरलेल्या पॉलिसीत मुंबईला उपचार घेतले की बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो, असं काही कंपन्यांच्या अटींत असतं. गावी राहणारा माणूस मोठ्या शस्त्रक्रियेला मुंबई-पुण्यालाच जातो, म्हणून हप्ता जास्त पडला तरी वरच्या झोनची पॉलिसी घ्यावी. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते आधारवर काढून ठेवा आणि आपल्या भागातलं कोणतं रुग्णालय त्यात आहे ते आजच बघून ठेवा.

पुण्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतींबद्दल थोडक्यात. अथश्रीसारखे प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि एकट्या माणसाला तिथलं जेवणघर, सोबत आणि हाकेला येणारी माणसं यांचा मोठा आधार असतो. घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: देखभाल खर्च दर वर्षी किती वाढू शकतो, अंथरुणाला खिळल्यावर तिथेच राहू देतात की हलवायला सांगतात, आणि पुढे वारसाने घर विकायचं ठरवलं तर त्याला कोणत्या अटी आहेत. वयाची अट असलेल्या वसाहतीत पन्नाशीच्या आतल्या मुलाला स्वतः राहता येत नाही, म्हणून गिऱ्हाईकही मर्यादित मिळतं. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, दारांची रुंदी, उतार यांचे किमान निकष ठरवले आहेत. नवा प्रकल्प त्यात बसतो का, ते विचारा.

आता मुलाकडे अमेरिकेत. इथे भावना आणि नियम यांची सर्वात जास्त गल्लत होते. बी-२ व्हिसा भेटीचा आहे. विमानतळावर साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. दर वर्षी सहा महिने तिकडे आणि सहा इकडे असं कायमचं करत राहिलं तर कधीतरी प्रवेशाच्या खिडकीवर अधिकारी हे राहणंच आहे असं म्हणतो आणि अडचण होते. मूल अमेरिकी नागरिक असेल आणि त्याने एकविसावं वर्ष ओलांडलं असेल तर ते आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, आय-१३० अर्ज करू शकतं. आई-वडिलांना कोट्याची रांग नाही. त्याला आय-८६४ हे जबाबदारीपत्र द्यावं लागतं आणि त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. मूल नुसतं ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला पालकांसाठी अर्ज करता येत नाही.

ग्रीन कार्ड हातात आलं की दोन गोष्टी पूर्ण बदलतात: औषधोपचार आणि कर.

पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मेडिकेअर, नव्या ग्रीन कार्डधारकाला लगेच मिळत नाही. तिथे सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि नंतरही तो विकत घ्यावा लागतो, कारण रुग्णालयाचा भाग फुकट मिळायला अमेरिकेतलं ४० तिमाह्यांचं काम तुमचं किंवा जोडीदाराचं असावं लागतं. मुलाचं काम त्यात धरत नाहीत. २०२५ च्या दरांनी रुग्णालयाचा भाग महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांचा भाग १८५ डॉलर, म्हणजे नवरा-बायको दोघांचे मिळून १,४०६ डॉलर दर महिन्याला. औषधांचा हप्ता त्याशिवाय. पहिली पाच वर्षं बाजारातला विमा घ्यावा लागतो आणि या वयात त्याचे हप्ते चढे असतात. प्रवाशांसाठी मिळणारे स्वस्त विमे मधुमेह-रक्तदाबासारख्या आधीच्या आजारांना बहुतेक वेळा वगळतात. आणि सर्वात महत्त्वाचं: अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं अशा दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर देत नाही. ऐंशीनंतर लागते ती नेमकी हीच मदत. पुण्या-मुंबईत ती माणूस ठेवून मिळते. अमेरिकेत ती करायची वेळ नोकरी करणाऱ्या सुनेवर किंवा लेकीवर येते.

कराचं तर कुणी आधी सांगतच नाही. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं: पेन्शन, मुदत ठेवीचं व्याज, मुंबईच्या फ्लॅटचं भाडं, पीपीएफचं व्याजसुद्धा, जे भारतात करमुक्त आहे. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हे विवरण भरावं लागतं, आणि नोकरी करून निवृत्त झालेल्या बहुतेकांची तेवढी असतेच. भारतीय म्युच्युअल फंडांना तिथे वेगळे आणि जाचक नियम आहेत, दर फंडाला स्वतंत्र फॉर्म. ग्रीन कार्ड घेण्याआधी, भारतात निवासी असतानाच फंडांचं काय करायचं ते दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागारासोबत बसून ठरवा. परतीचा परवाना आधी न काढता एक वर्षाहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलं तर ग्रीन कार्ड सोडून दिलं असं धरलं जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरच प्रश्न सुरू होतात. त्यामुळे ‘कार्ड घेऊन ठेवू, राहू भारतातच’ हा बेत टिकत नाही.

रोजच्या जगण्याचं एक मोजमाप पुरेसं आहे: गाडी न चालवता घरातून निघून भाजीच्या दुकानात पायी जाता येतं का? बहुतेक उपनगरांत येत नाही. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम छान असतात, पण तिथेही कुणीतरी नेऊन सोडावं लागतं. नातवंडं लहान असतात तोवर घर गजबजलेलं असतं. ती शाळेत रमली की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत घरात दोन म्हातारी माणसं आणि बाहेर बर्फ.

कॅनडाचा सुपर व्हिसा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. जुलै २०२२ पासून एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळतो, आणि तो भेटीचा व्हिसा असल्यामुळे भारतातलं घर-संसार मोडावं लागत नाही. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा मात्र सक्तीचा आहे आणि आधीचे आजार त्यात धरलेत का, ते शब्दन्‌शब्द वाचावं लागतं. अमेरिकेसारखाच इथेही कराचा प्रश्न आहे: फार काळ मुक्काम झाला तर तिथलं कर-निवासीपण लागू होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात पालकांच्या योगदान व्हिसासाठी माणशी ४३,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त शुल्क आणि वर्षानुवर्षांची वाट आहे. ज्यांना एवढे पैसे बाजूला काढता येतात त्यांनीच त्या वाटेला जावं.

कुठलाही पर्याय घ्या, आधी तिथे सर्वात वाईट ऋतू काढून बघा. कोकणात मे ते ऑगस्ट, अमेरिकेच्या उत्तरेत डिसेंबर ते मार्च. तोवर मुंबईचं घर विकू नका. ते लीव्ह अँड लायसन्सवर अकरा महिन्यांसाठी द्या. महाराष्ट्रात हा करार नोंदणी करणं सक्तीचं आहे, आणि मुदतीनंतर भाडेकरू निघाला नाही तर नोंदणीकृत करारावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. बंद ठेवलेल्या घरात ओल आणि वाळवी शिरते, तेही यामुळे टळतं.

घर विकायचंच ठरलं तर क्रम महत्त्वाचा. अनिवासी होण्याआधी विका. निवासी विकणाऱ्याचं घर पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. अनिवासी असाल तर भांडवली नफ्याच्या दराने, आणि कमी कपातीचा दाखला काढला नसेल तर बरेचदा पूर्ण विक्री किमतीवर कापतो. तो पैसा विवरण भरून परतावा येईपर्यंत अडकून राहतो. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता साडेबारा टक्के, यातलं कमी ते भरायची सवलतही फक्त निवासींना आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, पण अनिवासी झाल्यावर ते खातं नव्याने उघडता येत नाही. व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ बँकेला देतात तो १५-एचसारखा फॉर्मही चालत नाही आणि एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाच्या, खात्याच्या व्याजावर तीस टक्क्यांहून जास्त कर आधीच कापला जातो. कर करारानुसार तो कमी करायला तिथलं कर-निवासी प्रमाणपत्र लागतं. भारतातला आरोग्य विमा मात्र परदेशी गेल्यावरही चालू ठेवा. एकदा खंड पडला की आधीच्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि परत येणारे बहुतेक जण आजारी पडल्यावरच परत येतात.

मुलांकडे राहायला जाताना राहतं घर त्यांच्या नावे करून देण्याची घाई नको. मृत्युपत्राने तेच काम होतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘देणाऱ्याचा सांभाळ आणि मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न झाल्यास दस्त रद्द करून मागता येतो, आणि अट लेखी असली की प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणापुढे बाजू भक्कम राहते. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी आपापलं मृत्युपत्र वेगळं करा आणि त्यात मागे राहणाऱ्याला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहा.